पचरंगी साफ्याची ऐट

मित्रांनो, आधी माझी लांबी ऐका. नऊ मीटर! तुमचा निम्मा वर्ग रांगेत उभा केला, तर मी सगळ्यांच्या खांद्यावरून आरामात जाईन. मी एक जुना साफा आहे. तुमच्याकडे फेटा म्हणतात ना, त्याच घराण्यातला, पण जोधपूरचा. त्यामुळे पीळ वेगळा, डौल वेगळा आणि तोरा तर विचारूच नका. टोपी डोक्यावर ठेवतात. साफा डोक्यावर चढवतात. आता ह्याला कोणी गर्व म्हणत असेल तर म्हणू दे, मी ऐकून घेतो.

माझा जन्म किल्ल्याच्या पायथ्याशी, रंगरेजांच्या गल्लीतला. आधी मी नुसतं मलमलीचं पांढरं कापड होतो, चारचौघांसारखं. कमरुद्दीन रंगरेज तेव्हा तरणाबांड होता, नुकताच बापाच्या बरोबरीनं कढईपाशी उभा राहायला लागला होता. त्यानं मला तिरपं गुंडाळलं, जागोजागी दोऱ्यानं करकचून आवळलं आणि उकळत्या रंगात बुडवलं. बाहेर काढलं, पुन्हा आवळलं, पुन्हा बुडवलं. पिवळा, केशरी, लाल, हिरवा, निळा. मला तोंड असतं तर मी अख्खी गल्ली गोळा केली असती. पण शेवटी दोरे सुटले, दोघांनी मला दोन टोकांना धरून उन्हात हलवलं, आणि बघतो तर काय, अंगभर पाच रंगांच्या तिरप्या लाटा! ह्याला आमच्याकडे लहरिया म्हणतात.

एका जागी दोरा सरकला होता. तिथली हिरवी लाट मध्येच मोडली होती. कमरूच्या बापानं ती पाहिली आणि कमरूच्या टाळक्यात एक टपली हाणली. मला मात्र त्या मोडक्या लाटेची कधीच लाज वाटली नाही. शंभर साफ्यांच्या गठ्ठ्यातून मला ओळखायचं तर दुसरी खूण कुठली?

त्याच गठ्ठ्यातून मला पुसारामनं उचललं. पुसाराम घंटाघराजवळच्या साफे बांधणाऱ्यांच्या घरातला. त्याचं लग्न ठरलं होतं आणि तो स्वतःसाठी साफा निवडायला आला होता.

"तो नको घेऊ, तो फसलाय," कमरू म्हणाला. "लाट मोडली आहे."

"म्हणून तर घेतोय," पुसाराम म्हणाला. "सरळ लाटा काय, कोणीही डोक्यावर घेऊन फिरतो. आणि माझं बघून लोक तुझ्याकडं मोडका साफा मागायला येतील, बघशील तू."

कोणी आलं नाही ते सोडा. पण दोघांची दोस्ती जमली ती तिथं. मी पुसारामच्या डोक्यावर चढून घोड्यावरून वरातीत गेलो आणि नंतर रोज त्याच्याबरोबर दुकानात जाऊ लागलो.

काय ते दिवस होते! किल्ला बघायला देशोदेशीची माणसं यायची आणि खाली उतरली की पुसारामच्या दुकानापुढं डोकं वाकवून उभी राहायची. गोल डोकी, चपटी डोकी, लोणी लावल्यासारखी घसरडी टकली. पुसाराम कापडाचं एक टोक दातात धरायचा, हात भराभर फिरायचे आणि बघता बघता कालचा कारकून आज राजासारखा मान ताठ करून आरशात बघायचा. सगळे आधी गिऱ्हाइकाकडं बघायचे आणि मग माझ्याकडं. "आम्हाला तुमच्यासारखा बांधा," असं म्हणायचे. माझी छाती... म्हणजे माझं मागं सोडलेलं टोक, माझा शेमला, अभिमानानं फुगायचा.

आमच्याकडे साफा नुसता शोभेला नसतो, मित्रांनो. डोकं बघितलं की घर कळतं. श्रावणात लहरिया, होळीला पांढऱ्यावर लाल, लग्नात केशरी. आणि घरात कोणी गेलं की पांढरा. हा पांढरा साफा मात्र माणसानं आपण होऊन उतरवायचा नसतो. सासरचं नाहीतर भावकीतलं कोणी रंगीत साफा घेऊन येतं, आपल्या हातानं त्याच्या डोक्यावर बांधतं, तेव्हा घरातला शोक उठतो. तोवर त्या घरात ना साखरपुडा, ना लग्न, ना ढोल. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण ह्याच्यावरूनच झालं.

एका भाद्रपदात दोघे दोस्त रामदेवऱ्याच्या जत्रेला पायी निघाले. रामदेवबाबांना आमच्याकडे हिंदू बाबा म्हणतात आणि मुसलमान पीर म्हणतात, त्यामुळं ह्या दोघांना एकत्र जायला तेवढं एक ठिकाण अगदी हक्काचं. देवळाच्या दारात पुसारामनं मला डोक्यावरून उतरवलं आणि कमरूच्या डोक्यावर ठेवलं. कमरूनं आपला निळा साफा पुसारामच्या डोक्यावर ठेवला. झालं! दोघे पगडीबदल भाऊ झाले. सख्खा भाऊ आई देते, हा भाऊ माणूस स्वतः निवडतो, म्हणून हे नातं मोडायची सोय नसते. एकाच्या घरचं सुतक दुसऱ्याला, एकाच्या लेकीचं लग्न दुसऱ्याच्या अंगावर.

अशा रीतीनं मी जिथं जन्मलो त्याच घरी परत आलो. पण एक पंचाईत झाली. कमरूचा सगळा जन्म साफे रंगवण्यात गेला, पण त्याला साफा बांधता म्हणून येईना! जन्मभर लाडू वळून जिभेला गोड न लागावं, तसा प्रकार. त्यानं बांधला की मी एका कानावर घसरायचो आणि त्याची बायको जैबू हसून हसून खाटेवर बसायची. मग दर ईदच्या सकाळी पुसाराम यायचा.

"ये रे माझ्या राजा, बस खाली," असं म्हणून तो कमरूला पुढ्यात बसवायचा आणि मला बांधायचा. नमाजाहून परतल्यावर कमरू मला मिरवत थेट पुसारामच्या घरी. पुसारामची आई तुळछीमा त्याला आपल्या ताटात जेवायला बसवायची. "हा माझा रंगीत मुलगा," असं ती सगळ्यांना सांगायची. पुसारामची बायको वारली तेव्हा त्याच्या लहानग्या गवरीला जैबूनंच तर सांभाळलं.

मग मित्रांनो, दृष्ट लागली. सुरतेहून तयार साफे येऊ लागले. रंगवलेले नाहीत, छापलेले. बांधलेले नाहीत, पुठ्ठ्याच्या कड्यावर शिवलेले. उचलायचे आणि डोक्यावर घालायचे. पाहुण्यांच्या बसगाड्या घाईत असत. पुसारामनं विचार केला, चार असू देत दुकानात, आणि बाहेर खुंटीला टांगले.

कमरूनं ते पाहिलं. भर बाजारात, पानवाला, अत्तरवाला सगळे ऐकत असताना तो म्हणाला, "वा पुसा! आता टोप्या विकायला लागलास का?"

साफे बांधणाऱ्याला ह्याहून मोठी शिवी नाही. पुसारामचा चेहरा लालबुंद झाला. "टोप्या विकीन नाहीतर काय करीन? तुझा रंग तर हात धुताना निघून जातो!"

रंगरेजाला ह्याहून मोठी शिवी नाही. दोघांनी एकेकच वाक्य म्हटलं आणि अबोला धरला. माझी रवानगी ट्रंकेत झाली, डांबराच्या गोळ्यांच्या संगतीत. तीन ईद आल्या आणि गेल्या. कमरू जाळीची टोपी घालून नमाजाला गेला. आणि मी, जो वरातीत घोड्यावर बसलो होतो, तो अंधारात घडी पडून पडलो होतो. राग नाही आला म्हटलं तर खोटं होईल. चांगला सणसणीत आला.

मग ह्या वर्षी पावसाळा सरता सरता तुळछीमा गेली. मला कसं कळलं? त्या दुपारी ट्रंकेचं झाकण उघडलं. कमरू होता. अंगावर धूळ, उजवा खांदा चुरगळलेला. त्यानं मला उचललं, माझ्यात तोंड खुपसलं आणि तुळछीमाचं नाव घेत लहान पोरासारखा रडला. मग मला तसाच कोंबून झाकण लावलं. जैबूला एवढंच म्हणाला, "जाऊन आलो. त्याला सांगू नकोस."

त्यानंतर किती तरी दिवसांनी माझ्या डोक्यावर, म्हणजे ट्रंकेवर, कोणीतरी धपकन येऊन बसलं. पुसारामची गवरी होती. आता लग्नाची झालेली.

"चाची, उद्या नागौरचे लोक माझं ठरवायला येतायत," ती हुंदके देत म्हणाली. "आणि बापू अजून पांढऱ्यातच आहेत. दसऱ्याला मामा केशरी साफा घेऊन आले होते शोक उठवायला. बापूंनी हात जोडून परत पाठवला."

"का परत पाठवला?" जैबूनं विचारलं.

"म्हणाले, माझा पगडीबदल भाऊ जिवंत आहे. रंग चढवायचा तर त्याच्या हातून. नाहीतर मरेपर्यंत पांढरा."

"मग बोलवायचं ना भावाला!"

"तेही नाही! म्हणतात, आई गेली तेव्हा आला नाही, आता मी का बोलवू? माझी आई त्याला आपल्या ताटात जेवू घालायची आणि तो तिला खांदा द्यायलासुद्धा आला नाही." गवरीनं नाक ओढलं. "मुलाच्या आजोबांनी साफ निरोप पाठवलाय. मुलीचा बाप पांढऱ्यात असेल तर साखरपुड्याचा नारळ ठेवणार नाही. परवापासून धनुर्मास लागतोय, सगळं बंद. आणि संक्रांतीनंतर थांबणार नाहीत ते, त्यांच्याकडं दुसरी मुलगी सांगून आलीय. चाची, मुलगा मला खरंच आवडलाय गं."

जैबूनं पदरानं गवरीचे डोळे पुसले. मग तिनं गवरीच्या पाठीवर थाप मारली.

"हा जाणार नाही आणि तो येणार नाही. दोघांच्या डोक्यात नुसता पीळ. मेल्यांनो, पीळ साफ्यात शोभतो, डोक्यात नाही! तू ऊठ आधी. ट्रंकेवरून ऊठ म्हणतेय. मला ती उघडायची आहे."

पण तिनं ट्रंक लगेच उघडली नाही. रात्रभर तिनं काहीतरी मनात घोळवलं असणार. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अल्लाहनं आणि रामदेवबाबांनी मिळून एक पाहुणा पाठवला. हे घोषालबाबू, कोलकात्याचे, आपल्या बायकोबरोबर शहर बघायला आलेले. निळी घरं शोधता शोधता रस्ता चुकून रंगरेजांच्या गल्लीत शिरले. डिसेंबरातली थंडी, आणि त्यांच्या डोक्यावर माकडटोपी. हनुवटीपासून कपाळापर्यंत सगळं बंद, आत फक्त चष्मा आणि मिशा. असा अवतार बघून मला ट्रंकेच्या फटीतूनसुद्धा शिसारी आली.

"आई, इथं जुना साफा मिळेल का?" त्यांनी विचारलं. "छापील नको. खरा. घालून किल्ल्यापुढं एक फोटो काढायचा आहे. ह्यांची फार इच्छा आहे."

"माझी नाही, यांचीच," बायको म्हणाली.

कमरू गच्चीवर कापडं वाळत घालत होता. जैबूनं जिन्याकडं एकदा बघितलं, ट्रंक उघडली आणि मला बाहेर काढलं. उजेड! मित्रांनो, तीन वर्षांनी मोकळा उजेड!

"हा विकायचा नाही," ती म्हणाली. "पण आजच्या दिवसापुरता डोक्यावर घ्या, संध्याकाळी परत आणा. एकच अट आहे. घंटाघरापाशी पुसारामचं दुकान आहे, बांधून तिथंच घ्यायचा. दुसऱ्या कोणी हात लावला तर बघा!"

घोषालबाबू बिचारे खूष होऊन निघाले. मी त्यांच्या काखेत. गल्ल्या, गायी, मावा कचोरीचा वास, कचऱ्यातली मांजरंसुद्धा मला देखणी दिसत होती. आणि मग दुकान आलं. बाहेर खुंटीला त्या छापील टोप्या. आत पुसाराम, पांढरा साफा घातलेला, गाल आत गेलेले. किती म्हातारा झाला होता!

"बसा बाबूजी," तो म्हणाला. त्यानं मला झटकून मोकळं केलं, एक टोक दातात धरलं आणि मला हातातून सरकवत चुण्या घालू लागला. त्याची बोटं तशीच होती. पिवळं गेलं, केशरी गेलं, लाल गेलं. हिरव्या मोडक्या लाटेवर बोट आलं आणि थांबलं.

दातातलं टोक सुटलं.

"हा... हा तुम्हाला कुठं मिळाला?"

"रंगरेजाच्या घरी. त्या बाईंनी दिला, फार भल्या..."

पुढचं त्यानं ऐकलंच नाही. माणसाचं असंच असतं बघा, मनात जे आधीच ठरलेलं असतं तेवढंच कानात शिरतं. त्यानं मला छातीशी कवटाळलं आणि दुकानाबाहेर धूम ठोकली. मागून घोषालबाबू उघड्या डोक्यानं, थंडीनं कुडकुडत, "अहो, ऐका तरी! अहो, माझी टोपी दुकानात राहिली!" आणि त्यांच्या मागून त्यांची बायको, हातात अर्धा खाल्लेला मिरचीवडा घेऊन.

कमरू एव्हाना खाली उतरून कढईपाशी उभा होता. लाल रंग उकळत होता. त्याचे हात कोपरापर्यंत लाल होते.

"कमरू!" पुसाराम दारातून गरजला.

कमरूनं वर पाहिलं. क्षणभर त्याचा चेहरा उजळला, पण लगेच त्यानं तो आवळून घेतला. "काय रे, वाट चुकलास का?"

"वाट तू चुकलास! हे काय आहे?"

"साफा आहे. दिसत नाही का?"

"माझ्या डोक्यावरचा साफा! रामदेवऱ्याला तुझ्या डोक्यावर ठेवलेला! आणि तू तो एका पाहुण्याला विकलास? एवढी अडचण होती तर मला सांगायचं, मी दुकान विकलं असतं!"

"मी विकला? मी?" कमरूचा आवाज चिरकला. "अरे, तुझी जीभ कशी रेटली? जैबू! हा बाहेर आला कसा?"

जैबू ओट्यावर लसूण सोलत बसली होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही. "मी दिला. विकला नाही, एका दिवसापुरता घालायला दिला. बाबूजी, सांगा ना."

"मी तेच सांगत होतो!" घोषालबाबू धापा टाकत म्हणाले. "ऐकून कोण घेतंय?"

"भाभी, तुम्ही?" पुसाराम गोंधळला.

"मग काय करू? बोलावलं असतं तर आला असतात? भांडायला तरी पाय ह्या दाराकडं वळले की नाही?"

"मी का येऊ?" पुसारामचा आवाज आता फुटला. "मी का येऊ, भाभी? माझी आई गेली. अख्खं शहर आलं. हा नाही आला. रंगीत मुलगा म्हणायची ती ह्याला!"

"कोण म्हणतं नाही आला?" जैबू ताडकन उठली, मांडीवरचा लसूण अंगणभर सांडला. "तुम्ही विस्तवाचं मडकं घेऊन पुढं चालत होता. विस्तव धरणाऱ्यानं मागं वळून बघायचं नसतं, तुम्ही नाही बघितलंत. मागचा उजवा खांदा दारापासून मसणापर्यंत कोणाचा होता, विचारा त्याला! कोणी बदली मागायला आलं तर हा हातानं ढकलून देत होता. चिता पेटली आणि हा मागच्या मागं घरी आला. लोकांना वाटलं तुम्हाला ठाऊकच असणार, आणि मला हा म्हणाला, त्याला सांगू नकोस. मी इतके महिने नाही सांगितलं, पण आता त्या पोरीचं लग्न मोडायला निघालाय तुम्ही दोघं मिळून!"

अंगणात कढई रटरटत होती. पुसाराम कमरूकडं बघत राहिला.

"खरं?"

"ती माझी आई नव्हती का?" कमरू खाली मान घालून म्हणाला. "पण बाराव्याला तू बोलावलं नाहीस."

"भावाला बोलावणं लागतं?"

"टोप्या विकणारा म्हणालो होतो ना मी तुला. कुठल्या तोंडानं येऊ?"

"आणि मी काय म्हणालो होतो ते विसरलास?" पुसारामच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "अरे, तुझा रंग हात धुताना निघून जातो म्हणालो मी! तुझा रंग! हा बघ, तीस वर्षं झाली ह्या साफ्याला. एक लाट तरी फिकी झालीय का?"

कमरूनं कढई तिथंच सोडली आणि धावत येऊन पुसारामचं डोकं दोन्ही हातांनी छातीशी धरलं. दोघे म्हातारे रडले, मोठ्यानं, लाज न धरता. मी मध्ये चेंगरलो. मला काही तक्रार नव्हती.

मग जैबू किंचाळली, "या अल्लाह! साफा!"

दोघे दूर झाले. पुसारामच्या पांढऱ्या साफ्यावर दोन लाल पंजे उमटले होते. ओले, ठसठशीत, पाचही बोटं मोजून घ्यावीत असे. कमरू घाबरून आपल्या हातांकडं बघायला लागला. शोकाच्या साफ्याला रंग लावणं म्हणजे केवढा गुन्हा! पण जैबूनं कमरेवर हात ठेवले.

"बघताय काय? लागला रंग. भावाच्या हातानंच लागला. आता तो पांढरा कुठं राहिला? उतरवा!"

पुसारामनं साफा हळूच उतरवला, त्या पंजांकडं पाहिलं आणि घडी करून काखेत ठेवला. मग खाटेवर बसला आणि आपलं पिकलं डोकं कमरूपुढं वाकवलं.

"बांध."

"मला येत नाही, तुला ठाऊक आहे! तूच बांध ना, मी नुसता हात लावतो."

"रंग भावानंच बांधायचा असतो. बांध म्हणतो ना."

मित्रांनो, त्या दिवशी माझे जे हाल झाले ते मी शब्दांत सांगू शकत नाही. कमरूनं मला दोनदा खाली पाडलं. एक चुणी पुसारामच्या डोळ्यावर आली, शेमला मागं जायचा तो कानावरून पुढं आला. घोषालबाबू एक टोक धरायला धावले आणि त्यांनी गुंता आणखी वाढवला. त्यांची बायको पदरात तोंड लपवून हसत होती. शेवटी कमरूनं उरलेलं कापड कुठंतरी खोचून टाकलं आणि मागं सरकून बघितलं. वर डाव्या बाजूला एक टेंगूळ, उजवीकडं उतार, आणि मध्ये लाल बोटांचे डाग. आयुष्यात मी इतका वाईट कधी दिसलो नव्हतो.

"सोड, नीट करून घे," कमरू ओशाळून म्हणाला.

पुसाराम उठला. आरसा मागितला नाही. "चला," म्हणाला, "गवरी वाट बघत असेल."

भर दुपारी आम्ही बाजारातून निघालो. जोधपुरातला सगळ्यात नावाजलेला साफेवाला, आणि त्याच्या डोक्यावर हे असं! पानवाल्याचा हात चुन्यातच राहिला. "पुसाजी, डोक्यावर घरटं केलंय का कबुतरानं?" अत्तरवाला पोट धरून हसला. "अहो, नाहीतर त्या खुंटीवरचा तयार घाला!"

"भावानं बांधलाय," पुसाराम प्रत्येकाला म्हणत होता. मान ताठ. दुकानाशी आल्यावर त्यानं घोषालबाबूंना स्वतःच्या हातानं असा फक्कड केशरी साफा बांधला की त्यांची बायकोसुद्धा गप्प झाली. आणि खुंटीवरच्या छापील टोप्या काढून आत ठेवून दिल्या.

दिवस कलताना नागौरची मंडळी आली. ओट्यावर सतरंजी, गवरी दाराआड, कमरू पुसारामच्या शेजारी. मुलाचे आजोबा बारीक डोळ्यांचे, करडे. ते बसले आणि त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. हटेचना. दाराआडची बांगड्यांची किणकिण बंद झाली. मलाही पहिल्यांदाच वाटलं, आता माझ्यापायी पोरीचं लग्न मोडतं की काय!

"पुसारामजी," आजोबा म्हणाले, "नागौरपर्यंत तुमच्या हाताचं नाव ऐकलंय. मग तुमच्या डोक्यावर हे काय?"

कमरू मान खाली घालून सतरंजीचे धागे उपटायला लागला. पुसारामनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"माझी आई गेली, त्याचा शोक माझ्या भावानं आज उठवला. त्याला बांधता येत नाही. मला येतं, पण हा मी सरळ करणार नाही."

आजोबांनी कमरूकडं पाहिलं, त्याच्या नखांतल्या लाल रंगाकडं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं पाहिलं. मग मुलाकडं वळून म्हणाले, "काढ रे तो नारळ. ह्या घरात अजून काय बघायचं राहिलंय?"

आत गवरी रडली की हसली, मला नीट ऐकू आलं नाही, कारण बाहेर जैबूनं इतक्या मोठ्यानं गाणं सुरू केलं होतं.

तर मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच. घरातला जुना फेटा, जुनी पैठणी, आजोबांची टोपी ट्रंकेत टाकून विसरू नका. आम्हाला ऊन दाखवा, वारा द्या, सणावारी अंगावर घ्या. कापड वापरून विरायला किती तरी वर्षं लागतात, पण घडीत पडून राहिलं की बरोबर घडीच्या रेघेवर फाटतं. माणसांचंही तसंच होत असावं, असं मला ह्या तीन वर्षांत वाटू लागलंय. आणि तुमच्या माणसानं तुम्हाला कधी वेडावाकडा साफा बांधला, तर आरशाकडं धावू नका. बाहेर पडा आणि मिरवा. त्या दिवशी मी इतका वाकडा होतो की रस्त्यातली गायसुद्धा थांबून बघत होती, पण पुसारामच्या वरातीत घोड्यावरूनसुद्धा मी इतका ऐटीत कधी चाललो नव्हतो.